दर वर्षी एक वीत

कुरियरवाल्यानं सही घेतली आणि तो गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनासा झाला, तरी सुमेदी दारातच उभा होता. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्या हातात हिरव्या पुठ्ठ्याची पातळ वही आणि अंगात घरातलं विटकं बनियन. सुराबायात सकाळी सातलाच घाम सुटतो. गावच्या जागेचा सरकारी दाखला आला होता. सगळ्या वाडीची मोजणी होऊन वर्ष होत आलं होतं आणि त्याची बायको एंदांग, त्या कागदाची आशा सोडली असं म्हणत, रोज एकदा त्याची आठवण काढत होती. त्यानं वही उघडली. आपलं नाव वाचलं, केदुंगसारी हे गावाचं नाव वाचलं, घडी उलगडून नकाशा पाहिला आणि नकाशाखालचा आकडा वाचला. सातशे एक्कावन्न चौरस मीटर. त्यानं पेला कठड्यावर ठेवला आणि आकडा पुन्हा वाचला, कारण जागा सहाशे चौऱ्याऐंशी मीटरची होती.

सहाशे चौऱ्याऐंशी हा आकडा त्याला पाढ्यासारखा पाठ होता. जमिनीच्या साऱ्याचा जुना कागद वडील बांबूच्या नळीत गुंडाळून ठेवत आणि दर ईदला, जेवणं झाली की, तो काढून मोठ्यानं वाचून दाखवत. जणू गेल्या वर्षभरात जागा कुठं चालत गेली नाही ना याची खात्री करून घेत. वजाबाकी करायला सुमेदीला वेळ लागला नाही. तीस वर्षं तो शाळेत गणित शिकवत होता. सदुसष्ट. आतून एंदांगनं विचारलं, "आला का एकदाचा?" आणि ओले हात पुसत येऊन तिनं वही त्याच्या हातातून काढूनच घेतली. "सातशे एक्कावन्न? अहो, तुम्ही तर सहाशेऐंशी का काय म्हणत होतात." तो म्हणाला, "जुनी मोजणी दोरीनं झालेली. आता यंत्रानं करतात." हे इतकं सहज तोंडातून आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "बघा म्हणजे," एंदांग म्हणाली, "दोरीवर विसंबून बसलो असतो तर तेवढी जागा गेलीच होती आपली." तिनं वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि कपाटात, त्याच्या पदवीच्या कागदांवर, ठेवून दिली.

सातवीच्या वर्गात त्या दिवशी क्षेत्रफळच चाललं होतं. फळ्यावर त्यानं एक आयत काढला आणि सवयीनं बाजूला लिहिलं, लांबी अडतीस. मुलांनी उतरवून घेतलं. रुंदी काय लिहायची ते सुचेना म्हणून तो खडू धरून उभा राहिला. अडतीस मीटर ही गावाकडं त्यांच्या आणि शेजारच्या पोनिरा काकूच्या परड्यांमधल्या हद्दीची लांबी होती, रस्त्यापासून मागच्या ओढ्यापर्यंत. सदुसष्टला अडतीसनं भागलं की एक मीटर शहात्तर सेंटिमीटर येतात. सुमेदीनं टेबलावर हात ठेवला, अंगठा आणि करंगळी ताणली आणि मुलांच्या लक्षात येण्याआधीच मूठ मिटून घेतली. सकाळपासून तो स्वतःला सांगत होता की दोरी ओली असेल, दोरी सैल असेल, जुन्या कारकुनाला डुलकी लागली असेल. पण ते गणित त्याला घालायची गरज नव्हती. ही सदुसष्ट मीटर जागा कुठून आली हे त्याच्याइतकं जगात कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती त्याच्या हातानं मोजलेली होती.

गावात दोन परड्यांमध्ये भिंत घालत नाहीत. भिंत घातली तर शेजारी विचारतो, माझं काय चुकलं. तांबड्या लांबट पानांची अँडोंगची झाडं ओळीनं लावतात, तीच हद्द, आणि ती हद्द जिवंत असते. अँडोंगची काठी कापून जमिनीत खोचली की ती जगते, मेहनत लागत नाही. रोजे सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात सगळं गाव झाडलोट करतं, थडगी साफ होतात, परडी झाडली जातात आणि हद्दीची झाडं छाटतात. सुमेदी सात वर्षांचा होता तेव्हा पहिल्यांदा वडील त्याला बरोबर घेऊन गेले. वडील गावचे मोदिन. लग्न लावायचं असो, मयत धुवायचं असो की भावांच्या वाटण्या करायच्या असोत, त्यांच्यावाचून पान हलत नसे. भांडून आलेले भाऊ त्यांच्या ओसरीवर बसत आणि उठताना एकमेकांना हात देऊन जात. अशा माणसानं आपल्याला कामाला घेतलं म्हणून सुमेदीची छाती फुगली होती. वडलांनी कापलेल्या काठ्यांचा भारा खाली ठेवला, जुन्या झाडाच्या बुंध्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "मेदी, हात लाव इथं. अंगठा बुडाशी. हं, आता बोटं पसर." करंगळी टेकली तिथं त्यांनी पहारीनं भोक पाडलं आणि काठी खोचली. मग पुढचं झाड. नव्या काठ्यांना पालवी फुटली की जुनी झाडं उपटून ओढ्यात टाकायची. करंगळी कायम पोनिरा काकूच्या घराकडं असे.

आणि हे सगळं भर उजेडात, तिच्या देखत. ती पलीकडं केरसुणी घेऊन झाडत असायची, नाहीतर चुलीपुढून उठून पदराला हात पुसत यायची. "पोनिरा, फार माजली बघ झाडं," वडील म्हणत, "जरा छाटून घेतो." "घ्या की, मोदिनदादा," ती म्हणे. "तुमचा हात लागला म्हंजी बरी फुटत्यात." मग ती दोन पेले चहा आणून हद्दीवरूनच द्यायची, एक वडलांना, एक सुमेदीला, आणि त्याच्या पेल्यात साखर जास्त असायची. ते दोघं पाऊसपाण्याचं बोलत. सुमेदी उकिडवा बसून चहा प्यायचा आणि त्याला वाटायचं, शेजार असावा तर असा. पुढं सुराबायाला नोकरी लागल्यावर त्यानं हे शिक्षकांच्या खोलीत कितीदा तरी सांगितलं होतं. आमच्या गावाकडं अजून माणसं एकमेकांशी कशी वागतात, शेजारी हद्दीवरून चहा कसे देतात. ऐकणारे माना डोलवत. एका शिक्षिकेनं तर ते शाळेच्या मासिकात लिहा असं सुचवलं होतं आणि त्यानं लिहिलंही होतं. तो अंक अजून घरात कुठंतरी असेल. आता त्या आठवणीनं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

नऊ वर्षांचा असताना त्यानं विचारलं होतं, "बाबा, झाडं दर वर्षी का सरकवायची?" वडील म्हणाले होते, "झाडाला नवी माती लागते." हे उत्तर त्याला पटलं. नऊ वर्षांच्या पोराला पटेल असंच ते होतं, त्याबद्दल त्याला कोणी दोष देणार नाही. पण तो तेराव्या वर्षीही उकिडवा बसलाच होता. तोपर्यंत त्याला क्षेत्रफळ येत होतं, चोरी कळत होती, पाप कळत होतं. कुराणाच्या वर्गात तो पहिला होता. मशिदीत वडील दुसऱ्याची जमीन हडपणाऱ्याबद्दल बोलत तेव्हा तो पहिल्या रांगेत बसून ऐकत असे. त्या वर्षी वडील म्हणाले, "हात लाव," आणि त्यानं बोटं ताणली. नेहमीपेक्षा जास्त ताणली, अंगठ्याच्या बुडात कळ येईपर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं. वडलांनी त्या हाताकडं पाहिलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आयुष्यात वडलांनी डोक्यावरून हात फिरवल्याचा हा एवढाच प्रसंग त्याला आठवत होता. सतराव्या वर्षी तो शिकायला शहरात गेला आणि काम थांबलं. दहा वर्षं, दहा विती. हात वाढत गेला तशी वीतही वाढत गेली, सुरुवातीची चिमुकली आणि शेवटची चांगली मोठ्या माणसाच्या हाताची. सरासरी सतरा-साडेसतरा सेंटिमीटर धरली तर हिशेब जुळत होता. शाळेतून घरी येताना मोटरसायकलवर त्यानं तो दोनदा तपासला, सिग्नल हिरवा झालेला मागच्याला हॉर्न वाजवून सांगावा लागला.

मोजणीच्या दिवशीच खरं तर सगळं समोर आलं होतं. पण तेव्हा आकडा नव्हता आणि आकडा नसला की सुमेदीला गोष्टी न दिसल्यासारखं करता यायचं. सरकारी कामाचे दोन तरुण यंत्र घेऊन आले होते आणि वाडीचा मुखिया सेतियादी कागदांची फाईल काखेत मारून सगळ्यांची थट्टा करत फिरत होता. हद्दीच्या दोन्ही मालकांनी जागेवर उभं राहायचं, मान्य आहे म्हणायचं, कागदावर सही नाहीतर अंगठा करायचा आणि तांबडा-पांढरा खुंट दोघांनी धरून फोटो काढायचा, अशी रीत होती. त्या सकाळी शेजाऱ्यांमध्ये चार ठिकाणी जुंपली होती. "आमचा मोदिनसाहेबांचा कोपरा बघा," सेतियादी त्या तरुणांना म्हणाला, "इथं तुम्हाला चहाच मिळेल, भांडण नाही मिळणार. काय म्हातारे, हद्द कुठं?" पोनिरा काकू ऐंशीची झाली होती, पाठीत वाकली होती. ती म्हणाली, "झाडं हायती तिथंच की. आणि कुठं असंल?" "म्हणजे तुला मान्य?" "मान्य." तिनं अंगठा दिला. शाईच्या डबीत बुडवायच्या आधीच तिनं तो घाईनं कागदावर टेकवला होता. सुमेदीनं ते म्हातारपण आहे असं धरलं आणि आपली सही केली.

मग फोटोसाठी खुंट धरून उभं राहिल्यावर, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून, त्यानं वर पाहिलं. तिच्या घराच्या छपराची वाशांची टोकं कापलेली होती. गावात छपराचं पाणी आपल्याच परड्यात पडलं पाहिजे. दुसऱ्याच्या हद्दीत पागोळ्या पाडणं हे त्याच्या अंगणात थुंकण्यासारखं समजतात. तिच्या घराच्या इतर तिन्ही बाजूंना छप्पर भिंतीपासून चांगलं हात-दीड हात पुढं आलेलं होतं. या बाजूला ते भिंतीशी येऊन संपत होतं. कौलांच्या दोन ओळी काढलेल्या, वासे करवतीनं कापलेले, आणि तेही एकदम कापलेले नव्हते. एका वाशावर दोन काप स्पष्ट दिसत होते, एक जुना काळा पडलेला, आणि दुसरा मागून केलेला, अर्धाच. एकदा कापून पुरलं नाही म्हणून पुन्हा मागं सरकलेली करवत. झाडं जवळ येत गेली तशी तिनं स्वतःचं छप्पर मागं घेतलं होतं. त्यांच्या जागेत, त्यांनी तिच्याकडून घेतलेल्या जागेत, आपलं पाणी पडू नये म्हणून. त्या बाजूची बांबूची भिंत बुडाशी कुजून काळी पडली होती आणि पावसाळ्यात आत ओल येत असणार हे सांगायला कोणी नको होतं. "मास्तर, हसा की जरा," सेतियादी मोबाईल धरून म्हणाला. सुमेदी हसला. तो फोटो त्याच्या फोनमध्ये होता. खुंटावर वर त्याचा हात आणि खाली तिचा, दोघंही हसताहेत.

आठवडाभर तो फोटो त्यानं इतक्या वेळा उघडला की एंदांगनं विचारलं, कोणाचे मेसेज येताहेत एवढे. त्याला तिला सांगायचं होतं. एंदांग सुराबायाची, तोंडानं फटकळ, मनात काही न ठेवणारी; तिनं दोन शब्द सुनावले असते आणि मग म्हणाली असती, जा आणि देऊन टाका. पण सांगायचं म्हणजे तेराव्या वर्षीची ती ताणलेली बोटं सांगायची, आणि तिथं जीभ अडायची. वडलांनी केलं असं म्हणणं सोपं होतं. वडील नऊ वर्षांपूर्वी आईच्या मागोमाग गेले होते. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर काहीही मावतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती आणि ती त्याला रात्रंदिवस टोचत होती. इतकी वर्षं तो धरून चालला होता की पोनिरा काकू बोलली नाही ती भिडेपोटी, जुन्या वळणाची बाई म्हणून. त्या भिडेचं त्यानं मासिकात कौतुक केलं होतं. आता वाशाच्या त्या दोन कापांपुढं ते टिकेना. भिडेपोटी माणूस गप्प बसतो. स्वतःचं घर कापायला भीड पुरत नाही, भीती लागते. आणि तिला भीती कशाची होती हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त त्याचा कोणी उच्चार करत नसे. पासष्टच्या साली लष्कराचे ट्रक आले आणि कम्युनिस्ट ठरवून याद्यांवर घातलेली माणसं घेऊन गेले, त्यांत तिचा नवरा होता. शेतमजुरांच्या सभेला तो दोनदा गेला होता एवढंच. परत आला नाही, थडगंही नाही. त्यानंतर त्या घराच्या नावापुढं सरकारी कागदावर खूण होती. त्या घरातल्या पोरीला नोकरी नाही, त्या घरातल्या बाईनं दफ्तराची पायरी चढायची नाही, कोणाविरुद्ध तक्रार तर दूरच. वडलांनी यादी केली नव्हती, हे सुमेदीनं एकदा आईकडून शपथेवर ऐकलं होतं. पण दोन्ही बाजूंना शेजारी असताना त्यांची झाडं एकाच बाजूला सरकली. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याला तोंड होतं.

रविवारी त्यानं एंदांगला सांगितलं की दाखल्याबद्दल मुखियाला भेटून येतो, आणि गावाकडं जाणारी पहाटेची मादियूनची बस धरली. जाताना बिस्किटांचा मोठा डबा घेतला, एक चांगलं बाटिकचं लुगडं घेतलं. बसमध्ये तो वाक्यं जुळवत होता. काकू, एक चूक झाली आहे. काकू, चूक नाही, आम्ही केलं आहे. मी केलं आहे. दफ्तरात जाऊन दुरुस्ती करून घेऊ, खर्च माझा. उसाची शेतं मागं जात होती. सगळी वाक्यं बरोबर होती आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याला आपला मोकळा झालेला, हलका झालेला चेहरा दिसत होता. सकाळी अकराला तो तिच्या अंगणात पोचला. आपलं बंद घर त्यानं उघडलंच नाही. त्या घराचं अंगणही झाडलेलं होतं, केरसुणीच्या रेघा ताज्या होत्या. नऊ वर्षं ते कोण झाडत होतं हा प्रश्न त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

"मेदी व्हय?" ती ओसरीवर टॅपिओकाचे काप वाळत घालत होती. "असा अचानक? घरी समदं बरं हाय न्हवं? बायको न्हाई आणलीस? ती शहरची बाई, तिला काय आवडणार आमच्या चुलीचा धूर. बस की." तिनं त्याला चहा दिला, साखर जास्तच. त्यानं डबा आणि लुगडं पुढं ठेवलं. तिनं लुगड्यावरून हात फिरवला, छान हाय म्हणाली आणि ते घडी न मोडता बाजूला ठेवलं. त्याच्या मुलीचं विचारलं, गुडघ्यांचं सांगितलं, ओढ्याला आलेल्या पाण्याचं सांगितलं. अर्धा तास असाच गेला आणि आपण उठून जाणार आहोत, काही न बोलता उठून बसला जाणार आहोत, हे सुमेदीला दिसायला लागलं. म्हणून तो एकदम बोलला, पेला हातात असतानाच. "काकू, ती हद्दीची झाडं. बाबा आणि मी." पुढचं वाक्य बसमध्ये होतं, ते सापडेना.

"दर साली एक वीत," पोनिरा काकू म्हणाली. ती कापांकडंच बघत होती, एक उलटं करत होती. "ठावं हाय मला. डोळं धड हुतं तवा माझं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणापुढं बोलायचं? मोदिन तुझा बाप. तवाचा मुखिया तुझ्या बापाचा साडू. दफ्तरात माझ्या नावाम्होरं काय लिवलं हुतं ते तू शिकलेला माणूस, तुला सांगायला नको." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. "तुझ्या आईला समदं ठावं हुतं. तुमच्यात जेवणावळ झाली की पैलं ताट माझ्याकडं यायचं. कोंबडीची तंगडी असायची त्यात. घराच्या मालकाला न्हाई, मला. आई तुझी हितं बसायची, जिथं तू बसलायस, आन मी खाईस्तवर उठायची न्हाई. मला कधी कधी घास उतरायचा न्हाई. पर खायचे. तिला बरं वाटायचं ना." तिनं डब्याकडं पाहिलं. "आता तू डबा आणलास."

सुमेदीला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा त्याच्या आणि तिच्या मध्ये होता, झाकणावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. तो घाईघाईनं म्हणाला, "तसं नाही, काकू. मी ती जागा परत करायला आलोय. उद्या सुट्टी काढतो. तुम्ही आणि मी जिल्ह्याच्या दफ्तरात जाऊ, मी सांगतो चूक झाली म्हणून, तुमचा अंगठा लागेल फक्त." आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचा हात कापांवर थांबला होता. तोंड किंचित उघडं राहिलं होतं आणि डोळे त्याच्यावर नव्हते, त्याच्या मागं रस्त्यावर होते, तिथं एखादी गाडी थांबली आहे का ते बघितल्यासारखे. "दफ्तरात?" ती म्हणाली. "मला नेणार?"

"मी असेन ना बरोबर."

"मी अंगठा दिलाय, मेदी. साहेबासमोर दिलाय. हद्द मान्य म्हणून. आता जाऊन न्हाई म्हणायचं? ते विचारतील, म्हातारे, तवा खोटं का बोललीस. मग नाव काढतील, नवऱ्याचं नाव काढतील. पोरगी माझी केदिरीत हाय, तिचा पोरगा आता कुठं सरकारी नोकरीला लागलाय." ती त्याच्या जवळ सरकली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. तिचा हात कोरडा आणि गार होता. "मला नको नेऊ. तुझ्या पाया पडते. राहू दे तुझ्याकडंच. मला काय करायचीय एवढी जागा? कुणाला सांगू पण नकोस. सेतियादीला सांगितलंस का? न्हाई ना?"

"नाही," सुमेदी म्हणाला. "कोणालाच नाही." काळ बदललाय, आता कोणी असं विचारत नाही, हे त्याला सांगता आलं असतं. ते बऱ्याच अंशी खरंही होतं. तिला समजावता आलं असतं, पुन्हा पुन्हा येऊन, मुलीला भेटून, वकील करून, वर्ष लागलं असतं. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "बरं. नको तर नको." हे म्हणताच त्याला हायसं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं, दिवसभरात पहिल्यांदा श्वास पुरता आत गेल्यासारखं. ते हायसं वाटणं त्याला इतकं स्पष्ट कळलं की त्याची मान खाली गेली. तो परत द्यायला आला होता आणि तिनं नको म्हणावं म्हणून आला होता, दोन्ही खरं होतं, आणि यांतलं दुसरं आधीचं होतं. तिनं त्याचं मनगट सोडलं. तिचाही जीव भांड्यात पडलेला दिसत होता.

जाताना ती म्हणाली, "रिकाम्या हातानं कसा जाशील. थांब." विळा घेऊन ती वाकतवाकत परड्यात गेली, अँडोंगच्या ओळीपाशी थांबली आणि त्याच्याकडं वळून म्हणाली, "येऊ का पलीकडं?" त्याला आधी कळलंच नाही की ती परवानगी मागते आहे. तो ओसरीवरून उठला आणि तिनं तोच होकार धरला असावा. हद्दीच्या पलीकडं केळीचं एक जुनं बेट होतं. तो लहान होता तेव्हा ते तिच्या अंगणात होतं, त्याच्या सावलीत तिचा दगडी पाटा असायचा. ते बेट कधी हललं नव्हतं, केळ जागची हलत नाही. तिनं पिकत आलेला एक घड कापला, जड होता म्हणून त्याला हात लावायला बोलावलं आणि पोत्यात घालताना म्हणाली, "तुमच्याच बाजूची हायत. मी एक काढली न्हाई कधी, नुसतं पाणी घालते. पाखरं खायची समदी. आता तू ने."

परतीच्या बसमध्ये पोतं त्याच्या पायांशी होतं. केळ्यांचा गोड वास सगळ्या बसमध्ये पसरला आणि पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून विचारलं, गावाकडची का. सुराबायाला पोचेपर्यंत त्यानं ठरवलं की निदान एंदांगला सांगायचं. सगळं सांगायचं, वाशांचे काप, ताट, बोटं. ती चिडेल, ओरडेल, दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन केदिरीला जाईल काकूच्या मुलीकडं. तिला दफ्तरांची भीती नव्हती, दफ्तरांनाच तिची असायची. आपल्याला जे जमत नाही ते ती करेल. या विचारानं तो जवळजवळ घाईनंच गल्लीत शिरला.

एंदांगनं पोतं उघडलं. "अगंबाई, केवढा घड हा. विकत घेतलात?"

"नाही."

"मग? आपल्या जागेतली?" तिनं एक केळं सोललं, अर्धं त्याच्या हातात दिलं आणि अर्धं खाल्लं. "काय गोड आहेत हो. मला कधी बोलला नाहीत तिथं केळी आहेत म्हणून." ती पोत्यात हात घालून फण्या मोजत होती. मग काहीतरी लक्षात आल्यासारखी थांबली आणि हसली. "म्हणजे इतकी वर्षं ती शेजारची म्हातारीच खात असणार आपली केळी. साळसूद कुठली."

सुमेदीच्या हातात अर्धं केळं होतं. परतीच्या बसमध्ये तिच्यासाठी जुळवलेलं पहिलं वाक्य त्याला अजून जसंच्या तसं आठवत होतं.

"असेल," तो म्हणाला, आणि ते खाऊन टाकलं.